शाळेपर्यंतची चुन्याची रेघ

आमच्या ड्रिलच्या सरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी मला वाटलं, आता नागपूर बुडतं.

ते जेवायचे उभ्यानं, वर्तमानपत्र वाचायचे उभ्यानं, आणि मोहल्ल्यातली पोट्टी शपथेवर सांगायची की सर झोपतातही घोड्यासारखे उभ्यानंच. स्टाफरूममध्ये त्यांची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर तीन वर्षं एक मांजर राहत होती आणि तिची तिथं दोन बाळंतपणं झाली. लग्नाच्या पंगतीत सगळे पाटावर बसले की सर मांडवाच्या खांबाशेजारी, हातात ताट धरून उभे. नागपुरात बुफे यायच्या पंधरा वर्षं आधीपासून हा माणूस बुफे जेवत होता. यजमान हात जोडून म्हणायचे, "सर, बसा ना!" सर घास गिळून म्हणायचे, "बसलं का माणूस संपला, बापा. तुम्ही वाढा."

खाकी हाफपँट. तिची इस्त्री इतकी कडक की तिच्या कडेनं पेरू कापलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. ते शाळेच्या खडूनं रंगवलेले, त्यामुळे महिन्याच्या शेवटी फळ्यावर लिहायला खडू नसायचा. खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून नागपुरात एप्रिल-मेमध्ये सगळेच खिशात कांदा ठेवतात, पण सर बारा महिने ठेवायचे. डिसेंबरात दात वाजत असताना मी विचारलं, "सर, आता काहून कांदा?" तर म्हणाले, "ऊन काय सांगून येते काय गा?"

आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी पितळी होती आणि तिचा आवाज असा की एकदा सरांनी खो-खोचा खेळ थांबवायला ती फुंकली, तर मैदानामागच्या रुळांवरची मालगाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरून मैदानात आला आणि विचारू लागला, "क्या हुआ भाई, आगे लाइन खराब है क्या?" तुम्ही विश्वास ठेवा की नका ठेवू. मालगाडीनं ठेवला होता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, नवाकोरा गणितमास्तर. साल सांगत नाही, नाहीतर तुम्ही माझं वय काढाल. एवढं सांगतो, स्कूटरसाठी तेव्हा नंबर लावावा लागायचा आणि शहाणे बाप मुलीचं बारसं झाल्याबरोबर जावयासाठी नंबर लावून ठेवायचे. माझ्याकडे सायकल होती. पण मी शाळेत रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व रोज सकाळी गायब. आठवड्यानं चोर सापडला, म्हणजे चोर स्वतःच माझ्याशेजारून चालत होता. "हवा रस्त्यावर फुकट हाय," सर म्हणाले, "ते ट्यूबमधी कायले भरता? छातीत भरा!" व्हॉल्व त्यांनी परत दिला नाही. मी चालायला लागलो. महिन्याभरात माझी पोटदुखी गेली आणि चपलांचे दोन जोडही गेले.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान चालण्यात होतं. त्याच सुमारास पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर एक इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिथं पोरं सायकलरिक्षातून जायची. एका रिक्षात अकरा पोट्टी, बाहेर लटकलेली अकरा दप्तरं, आणि वरती डब्यांची माळ. रिक्षा आमच्या शाळेवरून गेली की सर फाटकात उभे राहून मयताला करावा तसा नमस्कार करायचे. "बसून आलेलं पोट्टं वर्गातबी बसूनच राह्यते," ते म्हणायचे. "चालत येणारं पोट्टं रस्त्यातच निम्मं शिकते. कोणतं कुत्रं चावते, कोणत्या झाडाची बोरं गोड, कोणता दुकानदार मापात मारते. हे कोण्या पुस्तकात हाय काय?"

आणि चालत यायचं ते वेळेवर. साडेसातला शिट्टी, शिट्टीबरोबर फाटक बंद. उशिरा आलेल्यानं बाहेर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, पहिला तास संपेपर्यंत. त्यात दयामाया नव्हती. एकदा आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, दोन मिनिटं उशिरा आल्या तर सरांनी त्यांनाही आत घेतलं नाही. बाई बिचाऱ्या छत्री मिटून, भिंतीला नाक लावून पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. शिक्षणखात्याचा एक तपासनीसही असाच बाहेर राहिला होता. त्यानं शेरा लिहिला, 'शाळेची शिस्त उत्तम, बाहेरून पाहिली.'

या शिस्तीवर आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखीच होती, असं तेव्हा वाटायचं.

तर मुख्य गोष्ट वच्छीची.

जुलै लागला होता. ड्रिलचा तास चालू असताना एक बकरी मैदानात शिरली आणि तिच्यामागं सात-आठ वर्षांची एक पोरगी. अनवाणी, वेणी सुटलेली, फ्रॉकची एक बाही गायब. बकरी जिवाच्या आकांतानं पळत होती, पण पोरीनं मैदान संपायच्या आत तिचा कान पकडला. आमचे चौथीचे तगडे पोरगे मदतीला धावले होते, ते अजून मधल्या खांबाशी होते. सरांनी स्टॉपवॉच काढलं. ते घड्याळ मी शाळेत यायच्या आधीपासून बंद होतं, पण सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बापा रे! हे पोट्टी मले पाह्यजे."

चौकशी केली तर पोरगी आमचीच निघाली. तिसरीच्या हजेरीपटावर नाव होतं, वच्छला. नावापुढं जूनपासून गैरहजर, गैरहजर, गैरहजर. नाल्यापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीतली वीस-बावीस नावं पटावर होती आणि वर्गात यायची चार-पाच. मोठ्या बाईंनी सांगितलं, "सर, तिकडची मुलं यायचीच नाहीत. दिवाळीपर्यंत नाही आली तर नावं काढून टाकायची, असं वरून आलंय." सर म्हणाले, "नाव काढाचं नाही. मी आणतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं वस्तीत गेलो. वच्छीचे आईबाप खापरखेड्याला वीजघराच्या कामावर, त्यामुळे घरात कारभार आजीचा. आजी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सरांना खालून वर पाहिलं, त्याला बराच वेळ लागला.

"बसा, मास्तर."

"बसत नसतो, माय. पोरगी शाळेत काहून येत नाही?"

"मले काय विचारता? मी तं रोज म्हणतो, जाय वं, शिक वं. मी निशाणी अंगठा राह्यलो, तू नोको राहू. पण ते म्हणते, म्हशी मारते."

"कोणाच्या म्हशी?"

"रस्त्यावर बसते ना त्या गवळ्याच्या! आन् म्हशी हटल्या तं नत्थूसेठचा ओटा. ओट्यानं रस्ता खाल्ला, खाली उतरलं का ट्रक अंगावर येते. आन् ओटा टळला तं नाली. पोट्टी एकडाव पडली नालीत."

"नाली तं एवढुशी हाय," सर म्हणाले.

आजीनं सूप खाली ठेवलं. "तुमच्या टांगा ताडासारख्या, मास्तर. तुमाले नाली दिसतबी नसन. ह्या पोट्टीची टांग मोजली काय कधी?"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. सरांनी खिशातून टेप काढला. लांब उडीचा टेप त्यांच्या जवळ कांद्यासारखाच कायम असायचा. वच्छी रांजणामागं लपली होती, तिला बाहेर काढून उभं केलं. "टाक पाऊल. लांब टाक. अजून लांब." तिचं पाऊल मोजलं, वहीत लिहिलं. मग परतताना नाली मोजली. नाली वच्छीच्या पावलापेक्षा चांगली हातभर जास्त रुंद होती. सर तिथंच नालीकडे पाहत उभे राहिले. "पंधरा वर्षं झाली, ह्या नालीवरून जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "मले वाटे, हे रस्ताच हाय."

एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली आणि सोडून दिली. माप देताना पोरगी सरांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. तिची नजर त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीवर होती. मला वाटलं, पोर आहे, शिट्टी हवी असेल.

दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यानं जे पाहिलं ते आजतागायत विसरला नाही. धावण्याच्या शर्यतीसाठी मैदानात फक्की टाकतात, चुन्याची पांढरी रेघ, तशी रेघ सरांनी वच्छीच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत ओढायला घेतली. डालड्याच्या डब्याला बुडाशी भोकं, त्यात चुना, आणि सर कमरेत वाकून मागं मागं सरकतायत. अशी सरळ रेघ की आमच्या चौकातला एक बेवडा तिच्यावरून चालला आणि दुसऱ्या टोकाला शुद्धीवर आला. "हे शाळेची लाइन," सर ओरडून सांगायचे. "हिच्यावर जे येईन ते अडथळा. मंग तो माणूस असो, म्हैस असो, का महानगरपालिका असो!"

पहिला अडथळा म्हैसच निघाली. रामआसरे गवळ्याच्या दहा-बारा म्हशी भर रस्त्यात बसायच्या. त्यातली सर्वांत मोठी बरोबर रेघेच्या वाटेवर.

"रामआसरे, म्हैस हटवा."

रामआसरे खाटेवरून न उठता म्हणाला, "मास्टरजी, ये सड़क पे नहीं बैठी. सड़क इसके नीचे आ गयी."

सरांनी वाद घातला नाही. रेघ सरळ म्हशीवरून काढली. शेपटीपासून चढवली, पाठीवरून नेली आणि शिंगांच्या मधून उतरवून पुढं गेले. म्हशीला गार वाटलं असावं, तिनं फक्त कान हलवला. मग ऊन तापल्यावर ती उठली आणि रोजच्यासारखी तलावाकडे निघाली. म्हणजे आमच्या शाळेचा अडीच हात रस्ता पोहायला गेला. तेवढ्यावर भागतं तर बरं, पण पहिलीच्या दोन पोरांना सरांनी बजावून ठेवलं होतं, "रेघ सोडाची नाही." त्यांनी नाही सोडली. शाळा सुटल्यावर ती दोघं तलावाच्या काठी सापडली, म्हशीच्या पाठीकडे बघत मुकाट्यानं बसलेली. त्यांच्या आयांनी शाळेत येऊन जो तमाशा केला, त्याची तिकिटं लावली असती तर फाटकाला नवा रंग आला असता.

दुसरा अडथळा नत्थूसेठ किराणावाले. त्यांच्या दुकानाचा ओटा दरवर्षी वीतभर पुढं यायचा. जाणकार म्हणायचे, याच वेगानं आला तर आपल्या नातवंडांच्या काळात दहा कोसांवरच्या मौद्याला पोचेल. सेठ म्हणाले, "ओटा माह्या बापाच्या टाइमचा हाय." सर म्हणाले, "बापाच्या टाइमले तो आत होता. बापच बाहिर होता, गिऱ्हाइकाशी गोड बोलून राह्यला होता." सेठनी उधारी बंद केली.

तिसरा, नालीवर फरशी टाकायचा. तो महापालिकेच्या ओव्हरसियरकडे. आम्ही आठ खेपा घातल्या. ओव्हरसियर चष्मा पुसत म्हणायचे, "फाइल चालू आहे." आठव्या खेपेला सरांचा तोल गेला. "तुमची फाइल चालून राह्यली, आन् माह्ये पोट्टे बसून राह्यले! उलटं नाही होत काय?"

त्यात पाऊस. रात्री तो कोसळे, सकाळी रेघ गायब. सर पहाटे पुन्हा डबा घेऊन वाकायचे. महिनाभर हे चाललं. मोहल्ल्यात त्यांचं नाव चुनेवाले पडलं. पानठेल्यावरचा पानवाला त्यांना धंद्यातले मानू लागला.

आणि पोळा जवळ आला.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बायांचे मोठे पुतळे, निघतात, आणि त्यांच्यासोबत बडगे. ज्याचा वर्षभर त्रास झाला त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, म्हणजे बडग्या. त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, गल्लोगल्ली मिरवायचा, 'घेऊन जा गे मारबत!' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि नेऊन जाळायचा. महागाईचा बडग्या निघतो, डासांचा निघतो, पुढाऱ्यांचा तर ठेकाच आहे. पण गल्लीतल्या माणसाचा निघाला की संपलं. त्याच्या नातवाच्या लग्नातही लोक म्हणतात, "याच्याच आज्याचा बडग्या निघाला होता बे."

पोळ्याच्या आधी पंधरा दिवस सरांनी पानठेल्यापाशी उभं राहून जाहीर केलं, "यंदाचा बडग्या मी बनवीन. शाळेच्या रस्त्यातला सर्वांत मोठा अडथळा कोण, त्याचा." आणि शाळेतल्या ड्रिलच्या सामानाच्या खोलीला कुलूप लावलं.

आता इथं माझं थोडं कौतुक करून घेतो. खोलीत काय चाललं होतं हे मला काडीचं माहीत नव्हतं. सरांनी अजून बांबूही आणला नव्हता. पण गल्लीत लोक मला विचारायचे, आणि विचारणाऱ्याला विन्मुख पाठवू नये असे माझ्यावर संस्कार आहेत. मी रामआसरेकडे दूध घ्यायला गेलो आणि सहज म्हणालो, "मूँछ बहुत बड़ी बना रहे हैं सर. काली ऊन मँगवायी है." रामआसरेचा हात मिशीवर गेला आणि माप सांडलं. नत्थूसेठकडे गूळ घेताना म्हणालो, "पोटाले बांबू पुरून नाही राह्यले, सेठ. सर म्हणते, टोपलं लावा लागन." ओव्हरसियरसाहेबांना चौकात गाठून फक्त एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या चष्म्याची काच गोल आहे ना? नाही, सरांना हवं होतं."

तिसऱ्या दिवशी म्हशी गोठ्यात. पाचव्या दिवशी सेठ स्वतः घण घेऊन ओटा फोडत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरांसाठी करून राह्यलो, बाप्पा. पोरं म्हणजे देवाघरची फुलं." आठव्या दिवशी नालीवर फरशी पडली, तीही एक नाही, दोन, ओव्हरसियरसाहेब स्वतः तिच्यावर उड्या मारून दाखवत होते. उधारीसुद्धा सुरू झाली.

मग सरांनी पुन्हा रेघ ओढली. दारापासून फाटकापर्यंत, वाटेत कुठं मोडली नाही. दुसऱ्या सकाळी त्या रेघेवरून वस्तीतली पोरं आली. एकामागं एक, दप्तरं, पाट्या, कुणाच्या कडेवर धाकटा भाऊ. मोजली तर सतरा. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर फाटकात उभे होते आणि ओळीवरून नजर फिरवत होते. एकदा, दोनदा.

वच्छी नव्हती.

"एवढं केलं," मला म्हणाले, "आन् जिच्या टांगेच्या मापानं रस्ता केला तेच नाही आली." साडेसातला त्यांनी शिट्टी वाजवली, फाटक लावलं आणि शाळा सुटल्यावर एकटेच वस्तीत गेले.

परत आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. सर खिडकीशी उभे राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी माझ्यासमोर एक चिमुकली वस्तू ठेवली. माझ्या सायकलीचा व्हॉल्व. तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, हे सगळं वाटून टाकून कुठं निघाले?

"काय झालं, सर? काय म्हणे पोरगी?"

"काही नाही गा. बांबू कुठी भेटन?"

त्यानंतर चार दिवस खोलीतून खरोखरच ठोकाठोकीचे आवाज आले. मलाही आत घेतलं नाही.

मारबतीच्या दिवशी आमच्या गल्लीत मुंगीला जागा नव्हती. ढोल, ताशे, गुलाल. मधोमध हातगाडीवर चादरीखाली बडग्या. रामआसरे मिशी काढूनच आला होता. नत्थूसेठ पोट आत ओढून उभे होते, ते पहिल्यांदाच. ओव्हरसियरसाहेब चष्मा खिशात घालून आले आणि दोनदा नत्थूसेठांनाच नमस्कार करून बसले. वच्छीची आजी घरातून बौद्ध, तिचा मारबत-बडग्यांशी संबंध नव्हता. पण "आमी मानत नाही, तमाशा पाह्याले काय हरकत," असं म्हणून ती वच्छीचा हात धरून कडेला उभी होती.

सरांनी चादर ओढली.

खाकी हाफपँट. कडक इस्त्रीची, खरीखुरी. पांढरे बूट. खिशात कांदा. ताडासारख्या टांगा. एका हातात वेताच्या काड्यांचं केलेलं फाटक, घट्ट बंद. आणि ओठांत ती पितळी शिट्टी. गळ्यात पाटी होती, सरांच्या सुंदर अक्षरात: 'सर्वांत मोठा अडथळा.'

ढोल थांबले. लोक एकदा बडग्याकडे पाहायचे, एकदा सरांकडे. फरक एवढाच होता की बडग्या टेकून उभा होता. मग कुणीतरी हसलं आणि सगळी गल्ली फुटली. रामआसरे वरच्या ओठावरून हात फिरवत केकाटला, "ये था तो मेरी मूँछ काहे गयी?" नत्थूसेठनी पोट सोडलं.

मी आजीकडे धावलो. "आजी, हे काय? काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

"मी नाही सांगतलं. पोट्टीनं सांगतलं," आजी म्हणाली. "मास्तर म्हणे, म्हशी गेल्या, ओटा गेला, नाली गेली, आता काहून येत नाही? तं पोट्टी बोलते, फाटक. आमच्या वस्तीत नळ सातले येते. मायबाप खापरखेड्याले. पोट्टीच पाणी भरते आन् मंग पळत येते. जूनमधी चारडाव आली, चारहीडाव फाटक बंद. भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, तास संपला का तशीच घरी पळाली. चौथ्याडाव मास्तरनं कानाजोळ शिट्टी मारली, म्हणे लेट येत असशीन तं येऊच नोको. तं नाही आली. मलेबी लाजेनं म्हशीचं नाव सांगे."

"सरांनी ओळखलं नाही तिला?"

"ओळखतीन कसे? पाठच पाह्यली होती त्यांनी."

तिकडे सर गाडीच्या पुढं, मूठ वर करून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" शिट्टीविना त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बारीक होता. बडग्या पेटला तेव्हा हाफपँट शेवटपर्यंत जळली नाही. इस्त्रीच तशी होती. कांदा भाजला गेला, त्याचा वास मात्र छान सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर फाटकात उभे. साडेसात झाले. हात सवयीनं गळ्याशी गेला, तिथं काही नव्हतं. त्यांनी तशीच फुंकर मारली. नुसती हवा गेली. फाटक सताड उघडं राहिलं. मी फाटकाजवळच्या वऱ्हांड्यात उभा राहून पाहत होतो. माझा वर्ग आत कसाबसा पाढे म्हणत होता.

सात चाळीसला रेघेवरून वच्छी आली. फ्रॉक पाण्यानं भिजलेला. दोन्ही बाह्या होत्या, पण वेगवेगळ्या रंगांच्या. फाटकाशी आली, उघडं फाटक पाहिलं, आणि तरी वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला तेवढंच माहीत होतं.

सर तिच्या शेजारी गेले आणि भिंतीला नाक लावून, हात मागं बांधून उभे राहिले.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "किती वेळ राहा लागते इथी?"

वच्छीनं तिरप्या डोळ्यानं पाहिलं. "तुमाले नाही मालूम?"

"मले कायले मालूम असन? मी आज पह्यल्यांदाच लेट झालो."

वच्छीनं विचार केला. या कामात ती जुनी होती. "पाढा म्हणा लागते," ती म्हणाली. "सातचा."

सरांनी सुरू केलं. सात एके सात, सात दुणे चौदा. सात साता एकोणपन्नासपर्यंत बरे गेले. मग अडले. ड्रिलवाले होते, त्यांची मोजणी एक-दोन-तीन-चारच्या पुढं जात नसे.

"सात आठे छप्पन्न," वच्छी म्हणाली. "सात नव्वे त्रेसष्ट. सात दाहे सत्तर."

"तुले कुठून येते वं? तू तं वर्गात आली नाही."

"इथूनच," तिनं भिंतीला बोट लावलं. "ह्या भिंतीतून ऐकू येते. चार दिवस ऐकला."

त्या भिंतीपलीकडे माझाच वर्ग होता. माझ्या समोर बसून वर्षभर ऐकणाऱ्या पोरांना सातचा पाढा येत नव्हता.

सरांनी भिंतीवरचं नाक काढलं. मग म्हणाले, "चाल, लावते काय शर्यत?" आणि तिनं 'हाव' म्हणायच्या आत ते सुटले. चिटिंगच होती ती. पण वच्छीनं मैदानाच्या मध्यावर त्यांना गाठलं आणि तिसरीच्या दारात ती पोचली तेव्हा सर अजून झेंड्याच्या खांबाशी होते. खिशातला कांदा निसटून मैदानात घरंगळत गेला.

सर धापा टाकत वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. वच्छी टाटपट्टीवर पहिल्या रांगेत बसली होती. तिनं सरांची अवस्था पाहिली, थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा ना, सर."

आणि सर बसले. मांडी घालून, टाटपट्टीवर, तिसरीत.

मी घाईघाईनं वऱ्हांड्यातून बाहेर पाहिलं. नागपूर जागच्या जागी होतं.